साधी पोटाची गोळी

आयटीतल्या कुठल्याही माणसाच्या हापिसातला सगळ्यात खालचा ड्रॉवर उघडून बघावा. एक मेलेला माउस, कुठल्याशा कॉन्फरन्सची कळकट लेस, सॉसच्या पाचसहा पुड्या आणि ऍसिडिटीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली स्ट्रिप. यातलं बाकी काही नसेल एखाद्याकडे, पण स्ट्रिप असतेच. घरून काम करणाऱ्यांची ती फ्रिजवरच्या डब्यात असते, एवढाच फरक.

आपल्याकडे ऍसिडिटीला आजार म्हणतच नाहीत. ती ऑफर लेटरबरोबर येते. रात्री साडेदहाचा कॉल, त्याआधी घाईघाईत खाल्लेली बिर्याणी, नंतर रिलीज, पहाटे चहा... मग छातीत जळजळ. शेजारचा म्हणतो, "पॅन-डी घे." पलीकडचा म्हणतो, "छे रे, इनो मार, सहा सेकंदांत काम." गंमत म्हणजे बाकीच्या औषधांना माणूस थोडा तरी घाबरतो. अँटिबायोटिक म्हटलं की "कोर्स पूर्ण कर हं" असं सांगणारं कोणीतरी घरात असतंच. पोटाच्या औषधाला मात्र बडीशेपेचा दर्जा आहे. पाहुण्यालाही देतात, मागितलं नसलं तरी.

या बडीशेपेने आमच्या घराला एकदा चांगलंच दाखवलं. म्हणून आज जरा लांबण लावतोय, कंटाळा आला तर मधले परिच्छेद गाळा. पण शेवटचं गणित तेवढं करून बघा.

आधी थोडं तांत्रिक. "ऍसिडिटीचं औषध" या एका नावाखाली वेगवेगळ्या जातीची मंडळी राहतात. पहिली जात म्हणजे आम्ल मारणारी: खायचा सोडा, फसफसणाऱ्या पुड्या, चघळायच्या गोळ्या, पांढरी-गुलाबी पातळ औषधं. दुसरी जात आम्ल तयार होण्यालाच चाप लावणारी, म्हणजे पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल आणि भावंडं. या दोन्ही सगळ्यांना माहीत असतात. तिसरी जात अमेरिकेतल्या दुकानांत उघड्यावर मिळते आणि आपल्या लोकांना तिचा पत्ताच नसतो. ती दिसते पहिल्या जातीसारखी, पाण्यात टाकली की फसफसते, डब्यावर "छातीतली जळजळ, अपचन, डोकेदुखी" असं लिहिलेलं असतं, आणि पोटात असतं चक्क ऍस्पिरिन.

यातली सगळ्यात प्रसिद्ध गोळी अल्का-सेल्टझर. १९३१ साली इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट गावी बाजारात आली. मूळ प्रकारच्या एका गोळीत ३२५ मिलिग्रॅम ऍस्पिरिन, १००० मिलिग्रॅम सायट्रिक ऍसिड आणि १९१६ मिलिग्रॅम सोडा बायकार्ब असतो. एका वेळी दोन गोळ्या घ्यायच्या, म्हणजे ६५० मिलिग्रॅम ऍस्पिरिन. दुकानांच्या स्वतःच्या छापाच्या स्वस्त गोळ्या असतात त्यांचंही सूत्र साधारण हेच. यात लपवाछपवी काही नाही, सगळं डब्यावर छापलेलं असतं. अमेरिकेच्या एफडीएने अशा औषधांवर पोटातल्या रक्तस्रावाचा इशारा २००९ साली सक्तीचा केला. तरीही त्यानंतर ऍस्पिरिनवाल्या या ऍसिडिटीच्या औषधांमुळे गंभीर रक्तस्राव झाल्याच्या आठ नव्या केसेस त्यांच्याकडे आल्या, काहींना रक्त चढवावं लागलं, म्हणून जून २०१६ मध्ये त्यांनी पुन्हा एकदा लोकांना जाहीर सांगितलं की बाबांनो, पोटासाठी घेताय तर आत ऍस्पिरिन आहे का ते बघा. आठ हा आकडा लहान वाटतो. पण हे कळवले गेलेले आठ. ज्यांनी ती गोळी म्हणजे "औषध" असं कधी धरलंच नाही, ते डॉक्टरला कशाला सांगतील?

आता आमचे काका.

काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. नाशिकला असतात. एस.टी.त कंडक्टर होते, बत्तीस वर्षं. गळ्यात तुळशीची माळ, दरवर्षी वारी, आयुष्यात बिअरची बाटलीसुद्धा हातात धरलेली नाही. कांदा-लसूणही अर्धं वर्ष बंद. पण नोकरीच अशी की जेवण कधी दुपारी तीनला, कधी रात्री अकराला, स्टँडवर मिळेल ते. त्यामुळे ऍसिडिटी तीस वर्षांची जुनी सोबतीण. पत्र्याच्या तिकिटपेटीत एका कप्प्यात कायम सोड्याची पुडी असायची. रिटायर झाल्यावर साखर निघाली, पोट सुटलं, आणि २०२२ मध्ये कसल्याशा तपासणीत सोनोग्राफी केली तेव्हा रिपोर्टात लिव्हर खडबडीत आणि प्लीहा वाढलेली असं आलं. डॉक्टर म्हणाले, सिरॉसिस.

माळकरी माणसाला सिरॉसिस! दारू न पिता केवळ साखर, चरबी आणि वजन यांच्यामुळे लिव्हरला चट्टे पडू शकतात, त्यातून सिरॉसिसही होतो, हे आता सर्रास दिसतं. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या फॅटी लिव्हरचं नावही बदलून चयापचयाशी जोडलं. पण हे नाशिकच्या गल्लीत कोण कोणाला समजावणार? "लिव्हर खराब" म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत बाटली दिसते. काकांना ते मेल्याहून मेल्यासारखं झालं असणार. त्यांनी फाइल कपाटात टाकली आणि घरात सांगितलं, "पोटाला जरा सूज आहे म्हणे." काकूला अर्धवट कळलं. दादाला, म्हणजे त्यांच्या मुलाला, तेवढंही नाही. मला तर काहीच नाही. साखरेच्या गोळ्या चालू राहिल्या, लिव्हरच्या डॉक्टरकडे दुसरी चक्कर कधी झालीच नाही.

२०२४ च्या जूनमध्ये काका-काकू दादाकडे न्यू जर्सीला आले. मीही तेव्हा तिथेच प्रोजेक्टवर होतो, दादाच्या घरापासून पाऊण तासावर. दर शनिवारी काकूच्या हातचं खायला जायचो (सामानात तीन किलो मेतकूट आणलं होतं, कस्टमवाल्याने हुंगून परत दिलं). काकांना पोट जड वाटायचं. चार घास खाल्ले की भरल्यासारखं. विमानप्रवास, बदललेलं पाणी, ब्रेड... कारणं काय कमी असतात? आणलेल्या इनोच्या पुड्या आठवड्यात संपल्या. एकदा वहिनीबरोबर दुकानात गेले तेव्हा त्यांना फसफसणाऱ्या गोळ्यांचा डबा दिसला. चित्रात पाण्याचा ग्लास, त्यात बुडबुडे. अजून काय पाहिजे? भाषा न येणाऱ्या देशात ओळखीचं कोणीतरी भेटावं तसं झालं असणार. काका त्याला "अमेरिकन इनो" म्हणायचे.

दिवसातून दोनदा, मग तीनदा. प्रत्येक वेळी दोन गोळ्या. दिवसाला सहा. साठीपुढच्या माणसाने चोवीस तासांत चारच्या वर घेऊ नयेत आणि सिरॉसिस असेल तर आधी डॉक्टरला विचारावं, हे डब्यावर लिहिलेलं होतं. मुंगीच्या अक्षरात. आणि इंग्रजीत.

हिशेब मांडून बघा. सहा गोळ्या म्हणजे १९५० मिलिग्रॅम ऍस्पिरिन. शिवाय एका गोळीत ५६७ मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दिवसाला ३४०० मिलिग्रॅम. जलोदर झालेल्या सिरॉसिसच्या रुग्णाला दिवसभरात सगळं धरून २००० मिलिग्रॅमच्या आत सोडियम ठेवा असं सांगतात. नंतर कळलं की काकांचं जड पोट म्हणजे गॅस नव्हताच, पोटात पाणी साठत होतं. म्हणजे पोट जड म्हणून गोळी, गोळीतून सोडियम, सोडियममुळे आणखी पाणी, पाण्यामुळे पोट आणखी जड, म्हणून आणखी गोळी. कॉलेजात कंट्रोल सिस्टिम्सच्या मास्तरांनी पॉझिटिव्ह फीडबॅकचं उदाहरण म्हणून मायक्रोफोन आणि स्पीकर शिकवला होता. हे उदाहरण जास्त लक्षात राहिलं असतं.

पुढे पोट बिघडलं म्हणून वहिनीने घरातलं गुलाबी औषध दिलं, बिस्मथ सबसॅलिसिलेट. अमेरिकेत घरोघरी असतं, जुलाब-मळमळीला देतात. त्याचा एक सर्वांना माहीत असलेला परिणाम म्हणजे शी काळी होते. तोंडातल्या आणि पोटातल्या गंधकाशी बिस्मथचा संयोग होऊन काळा बिस्मथ सल्फाइड तयार होतो. निरुपद्रवी प्रकार. बाटलीवरही तसं लिहिलेलं असतं.

तर बाराव्या दिवशी काका म्हणाले, काळं होतंय. दादाने बाटली वाचली आणि म्हणाला, "काही नाही हो बाबा, या औषधाने होतंच." आमच्या भाषेत सांगायचं तर बग आला, दादाने डॉक्युमेंटेशन उघडलं, "नोन इश्यू" सापडला, टिकेट बंद. दादाही आमच्याच धंद्यातला. मला त्याचा अजिबात राग येत नाही. बाटलीवर लिहिलेलं खरंच होतं. फक्त एकाच लक्षणाला एकाच वेळी दोन कारणं असू शकतात, आणि त्यातलं निरुपद्रवी कारण हाताशी असलं की दुसरं कोणी शोधत नाही. प्रॉडक्शनमध्ये हे आपण कितीदा पाहिलंय.

पकडलं काकूने. चौथी शिकलेली बाई. शनिवार होता, मी नुकताच पोचलो होतो. तिने मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाली, "अरे, हे औषधाचं काळं नाही. डांबरासारखं चिकट आहे. आणि वास... माझ्या सासऱ्यांना शेवटी असाच वास होता. यांना सांगू नकोस मी बोलले ते." मी बाहेर येऊन काकांकडे पाहिलं. सोफ्यावर बसले होते, चेहरा कागदासारखा पांढरा, कपाळावर घाम, आणि एसी चालू. उभे राहायला गेले आणि तसेच खाली बसले. दादाने ९११ लावला.

हा फरक प्रत्येकाला माहीत असायला हवा म्हणून जरा घाण वाटली तरी लिहितो. बिस्मथने किंवा लोहाच्या गोळ्यांनी होणारी शी काळी किंवा काळसर हिरवी असते, पण साधारण नेहमीसारखीच. पोटातलं रक्त पचून खाली येतं तेव्हा ती डांबरासारखी काळीभोर, चकचकीत, चिकट असते, फ्लश करूनही भांड्याला धरून राहते, आणि तिचा वास एकदा आला की विसरत नाही. सोबत चक्कर, घाम, धडधड असेल तर वाट बघायची नाही. रक्ताची उलटी झाली तर विचारायलाच नको. आणि शंका असेल तर रंगाची चिकित्सा घरी बसून करू नये, सरळ हॉस्पिटल गाठावं.

हॉस्पिटलात हिमोग्लोबिन ६.८ निघालं. प्लेटलेट ७२ हजार. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, लिव्हरचा काही आजार? दादा म्हणाला, नाही. हे बोलून त्याने सहज काकूकडे पाहिलं, आणि काकूने मान खाली घातली. मग मराठीत दोन मिनिटं जे झालं ते मी इथे लिहीत नाही. दादाने डॉक्टरीणबाईंना सांगितलं, सिरॉसिस, दोन वर्षांपासून. त्यांचा पवित्राच बदलला. सिरॉसिसच्या माणसाचा रक्तस्राव वेगळा हाताळतात: शिरांतला दाब उतरवणारं औषध लगेच चालू करतात आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिकही आधीच देतात. ती दोन वाक्यं उशिरा का होईना बोलली गेली, हे आमचं नशीब.

दादा सारखा म्हणत होता, रक्त द्या, लागेल तेवढं द्या, माझं घ्या. त्या म्हणाल्या, लागेल तेवढंच देऊ. हे मला तेव्हा विचित्र वाटलं, नंतर वाचलं. २०१३ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी पोटातल्या रक्तस्रावाच्या ९२१ रुग्णांवर अभ्यास केला. हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेल्यावरच रक्त दिलेले रुग्ण, ९ च्या खाली जाताच रक्त दिलेल्यांपेक्षा जास्त संख्येने वाचले: सहा आठवड्यांनी ९५ टक्के विरुद्ध ९१ टक्के. सिरॉसिसवाल्यांत भरभरून रक्त दिलं की शिरांतला दाबही वाढतो आणि पुन्हा फुटायची भीती.

रात्री काकांचं डोकं भरकटलं. आतड्यात साचलेलं रक्त म्हणजे प्रथिनांचा मोठा डोस. त्यातून अमोनिया तयार होतो, तो एरवी लिव्हर गाळते, आजारी लिव्हरला जमत नाही, आणि तो मेंदूपर्यंत पोचतो. हे शास्त्र झालं. प्रत्यक्षात काय झालं, तर आयसीयूतली उंच काळी नर्स सलाइन बदलायला आली आणि काका तिला म्हणाले, "कुठं जायचंय बाई? सुट्टे द्या." मग माझ्याकडे बघून, "पुढं सरका, पुढं सरका, मागे जागा नाही." मला हसू आलं आणि लगेच घशात काहीतरी अडकलं. नर्सने विचारलं, काय म्हणतायत? मी म्हटलं, ते तुमचं तिकीट काढतायत. ती म्हणाली, त्यांना सांग मी शेवटच्या स्टॉपपर्यंत आहे. शिफ्ट सकाळी सातपर्यंत होती म्हणून म्हणाली असेल.

एन्डोस्कोपीत जठरात रक्त गळणारा अल्सर सापडला. त्यावर क्लिप लावली. वर अन्ननलिकेत फुगलेल्या शिराही दिसल्या, त्या सुदैवाने फुटलेल्या नव्हत्या.

हे सगळं एका माणसात का जुळून आलं, ते मला काकांच्याच धंद्यातल्या उदाहरणाने नीट कळलं. पोटातल्या अवयवांचं रक्त लिव्हरमधून वर जातं. लिव्हरमध्ये चट्टे पडले की रस्ता अरुंद होतो, मागे दाब वाढतो. कसारा घाट तुंबला की गाड्या मिळेल त्या आडरस्त्याला लागतात ना, तसं रक्त अन्ननलिकेच्या आणि जठराच्या बारीक शिरांतून वाट काढतं. त्या गावातल्या रस्त्यांची ट्रकची ताकद नसते. हा दाब नॉर्मलला १ ते ५ असतो, पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये. १० च्या पुढे गेला की शिरा फुगायला लागतात, १२ च्या पुढे फुटायची भीती. आणि अशी शीर फुटली तर आजच्या सगळ्या सोयी असूनही सहा आठवड्यांत दगावण्याचं प्रमाण १५ ते २० टक्के आहे.

दुसरीकडे, रक्त गोठवणारे बहुतेक घटक लिव्हरच बनवते, तेही कमी. प्लेटलेट तुंबलेल्या प्लीहेत अडकून बसतात, म्हणून रक्तातल्या कमी होतात. आता यात ऍस्पिरिन घाला. ऍस्पिरिन प्लेटलेटमधलं एक एन्झाइम कायमचं बंद पाडतं. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळे ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही, उरलेले आठ-दहा दिवस ती निकामीच फिरते. सर्व्हिस रीस्टार्ट होत नाही, नवा इन्स्टन्स येईपर्यंत थांबायचं. शिवाय जठराच्या अस्तराचं रक्षण करणारी द्रव्यंही ऍस्पिरिन कमी करतं, म्हणजे ज्या पोटासाठी गोळी घेतली तिथेच भोक पाडायची तयारी. भोक पडायची सोय, बुजवायची यंत्रणा बंद, आणि मागून दाब. बिचारा फेस तेवढा ओळखीचा.

कोणी म्हणेल, आपल्याकडे कुठे मिळते ही तिसरी जात? नावाने नसेल, पण कामाने आहे. आपला माणूस जळजळीला अँटासिड घेतो आणि त्याच संध्याकाळी डोकं धरलं म्हणून डिस्प्रिन पाण्यात विरघळवतो. तिच्यात ३५० मिलिग्रॅम ऍस्पिरिन आहे, तीही फसफसते. गुडघ्याला डायक्लोफेनॅक, अंगदुखीला कॉम्बिफ्लॅम, ज्यात आयबुप्रोफेन असतं. या सगळ्याने पोट खवळतं, मग पुन्हा अँटासिड. दोन्ही गोळ्या वेगवेगळ्या डब्यांत असतात म्हणून जोडी लक्षात येत नाही, एवढंच.

यात एक फार पसरलेला गैरसमज आहे. "लिव्हर खराब आहे ना, मग पॅरासिटामॉल नको, दुसरं काहीतरी दे." पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस लिव्हर मारतो हे खरंच आहे. पण सिरॉसिसच्या रुग्णाला वेदनेसाठी काही द्यायची वेळ आली तर डॉक्टर बहुधा कमी मात्रेत पॅरासिटामॉलच देतात, साधारण दिवसाला २ ग्रॅमच्या आत, आणि टाळतात ते आयबुप्रोफेन-डायक्लोफेनॅक-ऍस्पिरिन. रक्तस्राव तर आहेच, किडनीवरही घाला येतो. घरोघरी नेमकं उलटं चालतं.

पॅन्टोप्राझोलबद्दलही थोडं. अल्सर झाला तर ते हवंच, काकांनाही शिरेतून दिलं. पण सिरॉसिसमध्ये ते वर्षानुवर्षं उगाच चालू ठेवलं तर पोटातल्या पाण्याला जंतुसंसर्ग होणं आणि डोकं भरकटणं, या दोन्हींशी त्याचा संबंध दिसलाय. कायद्याने ते चिठ्ठीवरचं औषध आहे. कोपऱ्यावरचा केमिस्ट चिठ्ठी मागत नाही, तो फक्त विचारतो, "चाळीस का वीस?" आणि हो, हे वाचून कोणी हृदयासाठी डॉक्टरांनी दिलेली ७५ ची ऍस्पिरिन किंवा आणखी काही आपल्या मनाने बंद करू नका. तो वेगळा हिशेब आहे, तो ज्यांनी दिली त्यांच्याशीच करायचा.

आता आपलं. २०२५ च्या सुरुवातीला हैदराबादच्या आयटीवाल्यांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ३४५ जणांपैकी ८४ टक्क्यांच्या लिव्हरमध्ये चरबी जास्त निघाली. आमच्या ग्रुपवर तो आला तेव्हा दहा हसरे चेहरे पडले आणि अर्ध्या तासात पिझ्झा मागवला गेला. लगेच घाबरून जाण्यासारखं नाही हेही खरं. नुसत्या फॅटी लिव्हरने असा रक्तस्राव होत नाही. धोका आहे तो पुढे चट्टे पडून दाब वाढलेल्या लिव्हरचा. अडचण अशी की तिथपर्यंत पोचेस्तोवर बहुतेकांना काही जाणवतच नाही. जाणवते ती "ऍसिडिटी".

म्हणून ते गणित. एफआयबी-४ म्हणतात, २००६ पासून वापरात आहे. वय गुणिले एएसटी (रिपोर्टात एसजीओटी), भागिले प्लेटलेट (हजारांत) गुणिले एएलटीचं (एसजीपीटी) वर्गमूळ. आपल्या लॅब प्लेटलेट लाखांत देतात, तेव्हा ०.८८ लाख म्हणजे ८८ धरायचे, नाहीतर उत्तर भलतंच येईल. १.३ च्या खाली असेल तर ठीक. २.६७ च्या वर असेल तर लिव्हरच्या डॉक्टरला गाठायचं. मधल्यांनी पुढची तपासणी करून घ्यायची. पासष्टीच्या पुढे खालची रेघ २ ला धरतात, आणि पस्तिशीच्या आतल्यांना हे गणित फारसं लागू पडत नाही. म्हणजे तुमचं-माझं काढून उपयोग नाही, आई-बाबांचं काढायचं. त्यांच्या शुगरच्या फाइलमध्ये हे चारही आकडे बहुधा पडलेले असतात. काकांचा २०२२ चा रिपोर्ट दादाने नाशिकहून फोटो काढून मागवला. वय तेव्हा ६६, एएसटी ५८, एएलटी ४४, प्लेटलेट ८८ हजार. उत्तर येतं साडेसहा. आयसीयूच्या बाहेरच्या खुर्चीत बसून दादाने ते फोनच्या कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं.

काका नवव्या दिवशी घरी आले. पोटातलं पाणी औषधांनी उतरलं. नाशिकला परतल्यावर अन्ननलिकेतल्या शिरांना तीन बैठकांमध्ये रबराची वेटोळी लावून झाली, दाब कमी ठेवायला कार्वेडिलॉल चालू आहे, सहा महिन्यांनी सोनोग्राफी असते. इन्शुरन्सवाल्यांशी दादाचं पत्रयुद्ध वर्षभर चाललं. आधीपासूनचा आजार की नवा, यावर. तो स्वतंत्र विषय आहे, त्यावर लिहायला घेतलं तर माझीच ऍसिडिटी वाढेल.

काका आता केमिस्टला "आत काय आहे ते वाचून दाखव" म्हणतात. आणि गल्लीत कोणी विचारलं तर सरळ सांगतात, लिव्हर आहे, दारूची नाही, साखरेची. आधी आवाज जरा चढायचा हे सांगताना, हल्ली नाही चढत. त्यांची खरी लढाई वेगळ्याच आघाडीवर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की सिरॉसिसमध्ये जास्त वेळ उपाशी राहायचं नाही, रात्री झोपण्यापूर्वीही काहीतरी खायचं, नाहीतर शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. माळकऱ्याला एकादशीला उपास नको म्हणणारा डॉक्टर! काकांनी तीन आठवडे वाटाघाटी केल्या. सध्याच्या तहानुसार एकादशीला दर तीन तासांनी फळं-दूध-राजगिरा चालेल, साबुदाण्याची खिचडी अर्धी वाटी, मीठ बेताचं, आणि रात्री साडेदहाला दूध-लाडू सक्तीचा. तो लाडू उपासाचा आहे की नाही, यावर मात्र काका आणि काकूचं अजून एकमत झालेलं नाही.